साडेसातचा पहिला तास

जानेवारीत माळशिरसला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि माझा भूगोलाचा पहिला तास साडेसातला असतो. पिलीवच्या बाजूच्या मुली त्यासाठी अंधारातच घर सोडतात. देशाचं घड्याळ लावलेलं आहे ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आणि आपण आहोत ७५ अंशांच्या जवळ. एका अंशाला चार मिनिटं धरली तर अर्ध्या तासाचा फरक पडतो. घड्याळात साडेसात वाजतात तेव्हा आपल्या डोक्यावरच्या सूर्याच्या हिशोबाने सातच झालेले असतात. हे गणित मी दरवर्षी फळ्यावर सोडवून दाखवते. वेळापत्रक मात्र जूनमध्ये ठरलेलं असतं, तेच डिसेंबरातही चालतं.

‘सोलापूर जिल्ह्यात कसली आलीय थंडी?’ असं लोक विचारतात. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असलं, की थंडीची लाट म्हणायची. घसरण ६.४ अंशांच्या पुढे गेली, की ती तीव्र लाट. पण हे तापमान मोजतात जमिनीपासून वर ठेवलेल्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, कोरड्या हवेत. रात्री दोन वाजता उसाच्या सरीत, चिखलात अनवाणी उभं राहून दारं धरणाऱ्या मुलाच्या पायांना किती थंडी लागते, ते त्या पेटीत कळत नाही.

आणि ती मुलं माझ्याच वर्गात असतात. शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पाळी रात्रीची असली की कुणीतरी विहिरीवर जायचं, मोटर सुरू करायची, वाफे भरत पहाट करायची. वडील थकलेले असतात, म्हणून मुलगा जातो. तोच मुलगा साडेसातला मागच्या बाकावर स्वेटरमध्ये मान घालून बसलेला दिसतो. त्याला झोपाळू म्हणणं मला जमत नाही. २०२० च्या डिसेंबरात आमच्याच जिल्ह्यात, करमाळ्यात नरभक्षक बिबट्याने माणसं मारली. रात्रीच्या पाण्यासाठी शेतात जाणं म्हणजे काय असतं, ते तेव्हा शहरातल्या लोकांनाही थोडंफार कळलं. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ती प्रत्येक फीडरवर पोचावी असं मला मनापासून वाटतं. शिक्षणासाठीही याहून मोठी सोय दुसरी सुचत नाही.

थंडीसाठी वेळापत्रक बदलणारी ठिकाणंही आहेत. माझी भाची अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठात शिकत होती. २०१९ च्या जानेवारीअखेर ध्रुवाकडची गार हवा खाली सरकली. ३० तारखेला शिकागोत पारा उणे ३० अंशांपर्यंत गेला. तिच्या विद्यापीठाने ३० आणि ३१ जानेवारीचे तास रद्द केले. असं तिथे क्वचितच घडतं. ‘आत्या, उघडी कातडी काही मिनिटांत गोठते, म्हणून बाहेर पडू नका म्हणतात,’ तिने फोनवर सांगितलं. मी विचारलं, मग दवाखाना, मेस, बॉयलर कोण चालवतं? त्याचं उत्तर तिथल्या नियमांतच होतं. कुणाचं काम थांबतं आणि कुणाला यावंच लागतं, हे हिवाळ्याआधीच ठरलेलं असतं. विद्यापीठाचं रुग्णालय सुरूच होतं. ३० तारखेलाच मिशिगनमधल्या एका गॅस कंप्रेसर केंद्राला आग लागली. घरातली उष्णता कमी ठेवा, असं आवाहन लोकांना झालं आणि मोटारींच्या कारखान्यांनीही काम थांबवलं. डाकखात्याने तर कित्येक राज्यांत टपालवाटपच बंद ठेवलं. काश्मीरची तऱ्हा वेगळी. तिथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे सर्वांत कडक थंडीचा काळ. त्यामुळे तिथे मोठी सुट्टी उन्हाळ्यात नसते, हिवाळ्यात असते.

आपल्याला सुट्टी नको. सत्राला नव्वद दिवस शिकवणं भरावं लागतं आणि इथली थंडी काही जीव घेणारी नाही. तास रद्द करायचा नाही, फक्त पुढे सरकवायचा. आपल्याकडे उन्हाळ्यात शाळा सकाळच्या करतात, तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मग दोन महिने पहिला तास साडेआठला घ्यायला काय हरकत आहे? अडचणी आहेत, हे मलाही कळतं. एसटीची सकाळची गाडी गेली की पुढची कधी, हा प्रश्न आहे, त्यासाठी आगाराशी आधी बोलावं लागेल. दुपारी घरी लवकर पोचून जनावरांचं बघणाऱ्या मुलींनाही विचारावं लागेल. त्यांना उशीर होणार असेल, तर प्रात्यक्षिकं आठवड्यातल्या दोन दिवसांत एकत्र घ्यावीत.

विजेच्या पाळ्या गावोगावी आधीच कळलेल्या असतात. कुठल्या गावाची पाळी रात्रीची, एवढं प्रत्येक वर्गात विचारून ठेवलं तरी चाचणी परीक्षा कोणत्या दिवशी घ्यायची नाही, ते समजेल. पंचाहत्तर टक्के हजेरी मोजताना रात्रीच्या पाळीच्या आठवड्यातल्या पहिल्या तासाला सवलत द्यावी. आणि वर्ग झाडायला येणाऱ्या मावशी आमच्या सगळ्यांच्या आधी, गार पाण्याची बादली घेऊन कामाला लागलेल्या असतात. तास पुढे गेला, तर त्यांची वेळही तासाभराने पुढे न्यावी आणि पाणी तापवायला एक हीटर द्यावा. पुढच्या वेळापत्रकाच्या बैठकीसाठी हे सगळं मी लिहून दिलं आहे.