टीका आणि शिक्का : हॅबरमास व जर्मन विद्यार्थी चळवळ यांच्यातील वाद (१९६७-६९)

प्रस्तावना

विद्यार्थी चळवळीशी सहानुभूती असणाऱ्या प्राध्यापकाने त्या चळवळीच्या मार्गावर जाहीर टीका करावी काय, आणि करावयाची झाल्यास कोणत्या शब्दांत करावी, हा प्रश्न उच्च शिक्षणक्षेत्रात वारंवार उपस्थित होतो. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी पश्चिम जर्मनीतील तत्त्वज्ञ युर्गन हॅबरमास आणि तेथील विद्यार्थी कार्यकर्ते यांच्यातील वाद उपयुक्त ठरतो. प्रस्तुत लेखात या वादाची पार्श्वभूमी, त्याचे स्वरूप व त्यातून निघणारा बोध यांची चर्चा केली आहे.

पार्श्वभूमी

हॅबरमास हे विद्यार्थ्यांचे विरोधक नव्हते. विद्यार्थ्यांच्या राजकीय जाणिवांचा अभ्यास करणाऱ्या, १९६१ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या लेखकांपैकी ते एक होते. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी सार्वजनिक विचारक्षेत्राची संकल्पना मांडली. समाजातील व्यक्तींनी एकत्र येऊन, पद वा सत्ता बाजूला ठेवून, केवळ युक्तिवादाच्या बळावर सार्वजनिक प्रश्नांची चर्चा करणे हे या संकल्पनेचे सार होय. १९६४ पासून ते फ्रँकफर्ट विद्यापीठात प्राध्यापक होते.

२ जून १९६७ रोजी इराणच्या शहांच्या भेटीविरुद्ध पश्चिम बर्लिनमध्ये निदर्शने झाली. त्या वेळी बेन्नो ओनेझोर्ग हा २६ वर्षांचा विद्यार्थी पोलिसाच्या गोळीने मरण पावला. गोळी झाडणाऱ्या पोलिसाची त्याच वर्षी न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. ओनेझोर्ग याचा दफनविधी ९ जून रोजी हॅनोव्हर येथे झाला आणि त्याच दिवशी त्या शहरात विद्यापीठ व लोकशाही या विषयावर विद्यार्थ्यांची परिषद भरली.

हॅनोव्हर येथील वाद

या परिषदेत हॅबरमास यांनी विद्यार्थ्यांच्या विरोधाचे समर्थन केले. त्यानंतर विद्यार्थी नेते रुडी डुचके यांनी विद्यापीठांतून कृतिकेंद्रे उभारण्याचे आवाहन केले. निदर्शनांवर बंदी आली तरी बैठा सत्याग्रह करून ती मोडावी, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. परिस्थिती परिपक्व होण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा जाणीवपूर्वक कृती महत्त्वाची, ही त्यामागील भूमिका होती.

रात्री उशिरा हॅबरमास पुन्हा व्यासपीठावर आले, तेव्हा डुचके सभागृहात नव्हते. हॅबरमास यांचा आक्षेप दुहेरी होता. एक म्हणजे, समाजाची प्रत्यक्ष स्थिती न पाहता केवळ इच्छाशक्तीवर भिस्त ठेवणे हा इच्छावाद आहे. दुसरे म्हणजे, संस्थांमध्ये दडलेली हिंसा मुद्दाम डिवचून बाहेर काढल्यास माणसांच्या जिवाला धोका पोहोचतो. ओनेझोर्ग याच्या मृत्यूनंतर अवघ्या आठवड्याभरात मांडलेला हा आक्षेप गंभीर होता आणि त्याला उत्तर देणेही शक्य होते. परंतु या विचारसरणीला त्यांनी 'डावा फॅसिझम' असे संबोधले. नाझी राजवट संपून २२ वर्षे झालेल्या देशात या शब्दाचा आघात किती असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. आक्षेप मागे पडला आणि शिक्का तेवढा उरला. चळवळीच्या विरोधकांना आयते हत्यार मिळाले.

लेखी उत्तर

११ एप्रिल १९६८ रोजी डुचके यांच्यावर बर्लिनमध्ये गोळीबार झाला. स्प्रिंगर समूहाच्या वृत्तपत्रांनी द्वेष पसरविला, असा आरोप करीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. मे महिन्यात 'कॉन्क्रेट' मासिकाच्या स्तंभलेखिका उलरिके माइनहोफ यांनी, निषेध आणि प्रतिकार यांतील सीमारेषा आता ओलांडली गेली आहे, अशी मांडणी केली. त्यांचा रोख हॅबरमास यांच्यावर नव्हता. मात्र हॅबरमास यांना ज्या संक्रमणाची चिंता वाटत होती, त्याचेच विवेचन त्या स्तंभात चळवळीच्या बाजूने आले होते.

जूनमध्ये हॅबरमास यांनी आपली टीका विस्ताराने मांडली. विद्यापीठाची इमारत ताब्यात घेणे म्हणजे सत्ता ताब्यात घेणे नव्हे, प्रतीकात्मक कृतीला क्रांती समजणे ही फसगत आहे, असा तिचा आशय होता. याला डाव्या विचारवंतांनी त्याच वर्षी एका ग्रंथाद्वारे उत्तर दिले. त्याचे संपादक ओस्कार नेग्ट हे हॅबरमास यांचेच सहायक होते. लेखकांत वोल्फगांग आबेन्ड्रोट होते, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली हॅबरमास यांनी प्राध्यापकपदासाठीचा प्रबंध पूर्ण केला होता. गुरू आणि सहकारी या दोघांनीही नावानिशी, मुद्देसूद प्रतिवाद केला, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

संघर्ष मात्र शमला नाही. ३१ जानेवारी १९६९ रोजी फ्रँकफर्टच्या समाजसंशोधन संस्थेत शिरलेल्या विद्यार्थ्यांना हटविण्यासाठी संस्थेने पोलिसांना पाचारण केले व ७६ विद्यार्थ्यांना अटक झाली. संचालक थिओडोर अडोर्नो यांची व्याख्याने उधळली गेली. त्याच वर्षी ६ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

माइनहोफ १९७० मध्ये भूमिगत सशस्त्र गटात सामील झाल्या आणि १९७६ मध्ये तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. यावरून हॅबरमास यांचा शिक्का योग्य होता, असा निष्कर्ष काढला जातो. तो टिकत नाही. बहुसंख्य विद्यार्थी त्या मार्गाने गेले नाहीत. ज्यांच्या भाषणावरून तो शब्द उच्चारला गेला, त्या डुचके यांनी पुढे दहशतवाद नाकारला आणि गोळीबारातील जखमांच्या परिणामांमुळे १९७९ मध्ये त्यांचाच मृत्यू झाला. हिंसेविषयीची चिंता खरी ठरली, परंतु ती ज्यांना उद्देशून होती त्यांचे वर्णन चुकले. हॅबरमास यांनीही ती शब्दयोजना पुढे अयोग्य मानली.

निष्कर्ष

युक्तिवाद समोरच्याला उत्तर देण्याचा अवकाश ठेवतो, शिक्का तो काढून घेतो. चर्चेचा सिद्धान्त मांडणाऱ्या विचारवंताकडूनच १९६७ मध्ये हा अवकाश आकुंचित झाला आणि १९६८ च्या लेखी वादात तो काही अंशी पुन्हा खुला झाला. प्राध्यापकाने विद्यार्थ्यांच्या चळवळीवर टीका करू नये, असा याचा अर्थ नव्हे. मौन हीदेखील उपेक्षाच असते. मात्र ती टीका कृतीविषयी असावी, विद्यार्थी समोर असताना व्हावी आणि तिला उत्तर देणे शक्य असावे, हाच या वादाचा अध्यापकांसाठी बोध होय.