केसपेपरवरचा मोबाइल नंबर

माझी एक चुलती पूर्णा तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. काही वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. घरात पिवळे रेशनकार्ड होते, म्हणजे शासनाच्या योजनेतून शस्त्रक्रिया बिनपैशात होणार होती. ते कळल्यावर सगळ्यांना हायसे वाटले. मी तिच्यासोबत एका मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात गेलो. योजनेच्या टेबलासमोर वीस-पंचवीस माणसांची रांग होती. टेबलामागच्या मुलाने रेशनकार्ड घेतले, आधार घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "मावशी, गाठ कोणत्या बाजूला आहे?"

चुलतीने पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

मग त्याने मोबाइल नंबर विचारला. चुलतीकडे तेव्हा मोबाइल नव्हता. घराशेजारच्या किराणा दुकानदाराचा नंबर तिला तोंडपाठ होता, तोच तिने सांगून टाकला. माझा नंबर द्यावा हे मला त्या घाईत सुचलेही नाही. दोन महिन्यांनी रुग्णालयातून फोन गेला तो दुकानावर. केमोची तारीख चुकवू नका, असा निरोप होता. दुकानात चार गिऱ्हाइके होती. दिवेलागणीपर्यंत सगळ्या गावाला कॅन्सर कळला. चुलतीच्या धाकट्या मुलीच्या सोयरिकीचे बोलणे चालले होते, ते पुढे थांबले. कारण हेच होते की देण्याघेण्याचे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चुलती मात्र एकच वाक्य बोलली, "दुखणं माझं, अन् फोन दुकानावर."

मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. कायद्याची पुस्तके मी चाळिशी उलटल्यावर, गरजेपोटी वाचू लागलो. चुलतीच्या त्या वाक्याने मला एका प्रश्नाच्या मागे लावले. आरोग्य योजनेकडे आपल्या आजाराची जी माहिती जाते, तिच्यावर आपला हक्क कितपत?

आधी योजनेची वाट पाहू. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्याच्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आपल्या शेजारचा नांदेड त्यांत होता, परभणी नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर आली. पुढे शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांतल्या शुभ्र कार्डधारक शेतकऱ्यांनाही तिचा लाभ मिळू लागला, त्या यादीत परभणी आहे. २०१७ साली योजनेला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आणि संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर गेले. हजारो घरे कर्जातून वाचली ती या योजनेमुळे. माझी चुलती आज हिंडती-फिरती आहे तीही तिच्यामुळेच. हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे कृतघ्नपणाचे वाटेल.

पण फुकट उपचाराचा कागद पूर्वीच्या केसपेपरसारखा डॉक्टरच्या खणात राहत नाही. रुग्णालयातले आरोग्यमित्र नोंदणी करतात. निदान, तपासण्यांचे अहवाल आणि लागतील तिथे फोटो संगणकावर चढतात. शस्त्रक्रियेला पूर्वमंजुरी मागितली जाते, पलीकडे कोणीतरी ती तपासते. डिस्चार्जनंतर बिलाचा दावा जातो. विमा कंपनी मध्ये असेल तर तिच्याकडेही कागद पोहोचतो. सुरुवातीच्या काळात नॅशनल इन्शुरन्स होती, २०२० पासून युनायटेड इंडिया आली. शिवाय दावे तपासणाऱ्या मध्यस्थ संस्था, राज्याची आरोग्य हमी सोसायटी आणि हे सगळे संगणक चालवणारे लोक. एका गाठीचा प्रवास किती हातांतून होतो ते मोजायला बसलो, तर हाताची बोटे पुरत नाहीत.

आपल्याकडे गुप्ततेचे जुने बंधन आहे ते डॉक्टरवर. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णाचे गुपित डॉक्टरने फोडू नये. न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि शासनाला कळवायचे साथरोग एवढेच त्याला अपवाद. हे नियम मोडले तर डॉक्टरची नोंदणी धोक्यात येते. टेबलावरच्या मुलाची कोणती नोंदणी धोक्यात येणार? तो डॉक्टर नाही, दावा तपासणारा कारकून डॉक्टर नाही, सर्व्हर सांभाळणारा तर नाहीच. बंधन एका माणसावर आणि कागद दहा माणसांच्या हातात, असे झाले आहे.

न्यायालयांनी हा प्रश्न आधी एचआयव्हीच्या निमित्ताने हाताळला. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात एक हंगामी कामगार आला. रक्ततपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून त्याला कामावरून दूर ठेवले होते. दाद मागायची तर नाव जाहीर होणार, आणि नाव जाहीर झाले की दाद मिळूनही उपयोग नाही. न्यायालयाने त्याला नाव झाकून लढू दिले. निकालात तो 'एमएक्स' आहे आणि कंपनी 'झेडवाय'. धडधाकट माणसाला केवळ या कारणाने काम नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या कामगाराचे नाव मला आजही माहीत नाही. ते माहीत नसणे हाच त्याचा अर्धा विजय आहे असे मला वाटते.

पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या टोकाचा निकाल दिला. एका डॉक्टरचा एचआयव्ही रुग्णालयाकडून बाहेर फुटला आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. न्यायालयाने रुग्णालयाला दोष दिला नाही. नियोजित वधूच्या आरोग्याचा हक्क मोठा, असे ते म्हणाले. त्याच निकालात अशा रुग्णाच्या लग्नाच्या हक्काबद्दल सरसकट विधाने झाली होती, ती २००२ साली न्यायालयाने स्वतःच बाजूला ठेवली. या ओढाताणीतून अखेर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करायची नाही, माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने ती जपायची आणि खटल्यात नाव झाकता येईल, असे त्यात लिहून ठेवले आहे. इथे बंधन फक्त डॉक्टरवर नाही, माहिती ज्याच्या हातात त्याच्यावर आहे. मानसिक आजारांसाठीही त्याच वर्षी वेगळा कायदा झाला. पण छातीतल्या गाठीसाठी, क्षयासाठी, काढून टाकलेल्या गर्भाशयासाठी असा स्वतंत्र आडोसा नाही.

आता एक उलटी गोष्ट. २००६ च्या मे महिन्यात राज्याचे तत्कालीन मंत्री सुरूपसिंग नाईक यांना सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल एक महिन्याची कैद सुनावली. वनमंत्री असताना आरागिरण्यांना परवाने दिले, असे ते प्रकरण. कैदेतले बरेचसे दिवस त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काढले. एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात त्यांचे वैद्यकीय कागद मागितले. नाईक उच्च न्यायालयात गेले आणि म्हणाले, माझा आजार ही माझी खासगी बाब आहे. मार्च २००७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. साधारण रुग्णाचे कागद असे देता येणार नाहीत, पण शिक्षा भोगणारा कैदी तुरुंगाऐवजी रुग्णालयात राहतो तेव्हा त्यामागचे कारण जाणण्यात लोकांचे हित आहे, असा त्याचा गाभा. विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, या तरतुदीचा न्यायालयाने आधार घेतला. खासगीपणा हा खरा हक्क आहे, पण त्याला वजनकाट्यावर चढावे लागते, हे मला या निकालातून समजले.

त्यानंतर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले आणि आपल्यासारख्यांना वाटले, आता झाले. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य कलमे लागू व्हायची मुदत मे २०२७ पर्यंत जाते. मी तो कायदा चुलतीच्या बाजूने वाचला. म्हणजे प्रत्येक कलमाशी थांबून विचारले, दुकानावर गेलेल्या फोनचे काय?

कलम ७ पाशी पहिला अडथळा लागला. शासन एखादी सवलत, लाभ किंवा सेवा देत असेल, तर ठरावीक अटींत रुग्णाची नव्याने संमती न घेताही माहिती वापरता येते. हे एक वेळ समजण्यासारखे आहे, बेशुद्ध माणसाची सही कुठून आणणार? अडचण पुढच्या कलम ११ मध्ये आहे. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे आणि ती तुम्ही कोणाकोणाला दिली, हे विचारण्याचा हक्क त्या कलमाने दिला आहे तो संमती देणाऱ्याला. चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्कही तसाच. म्हणजे स्वतःच्या पैशाने विमा घेणाऱ्या शहरी ग्राहकाला जे विचारता येईल, ते लाभ म्हणून उपचार घेणाऱ्या माझ्या चुलतीला विचारता येईल का, याची शंकाच आहे. कलमांचा हा अर्थ मी माझ्या कुवतीने लावला आहे, उद्या न्यायालय वेगळा लावील तर मला आनंदच होईल.

भरपाईचे तर बोलायलाच नको. माहिती नीट न जपणाऱ्या संस्थेला अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ४३-अ हे कलम नुकसान झालेल्याला कंपनीकडून भरपाई देत होते. वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' आहेत, हे २०११ चे नियमही त्याच कलमाखाली झाले होते. नवा कायदा ते कलम काढून टाकतो आणि स्वतः 'संवेदनशील' असा वेगळा वर्गच करत नाही. किराणा सामानाची यादी आणि कॅन्सरचा अहवाल एकाच मापाने मोजायचे. २०२४ च्या सप्टेंबरात स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती टेलिग्रामवर मिळू लागल्याचे उघड झाले तेव्हा आकडा ३ कोटी १० लाखांचा सांगितला गेला. त्यातल्या एखाद्याची सोयरीक मोडली असेल तर त्याने काय करायचे?

त्याच कायद्याने माहितीच्या अधिकारातले ८(१)(ञ) हे कलमही बदलले. 'व्यक्तिगत माहिती' एवढे म्हटले की ती नाकारता येईल. नाईक प्रकरणात जी विधिमंडळाची तरतूद कामी आली, ती गेली. लोकहिताची एक खिडकी ८(२) मध्ये अजून उघडी आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर. मंत्र्याच्या आजाराला पडदा मिळाला आणि चुलतीचा आजार रांगेसमोर तसाच उघडा राहिला.

परदेशातल्या सगळ्याच गोष्टींचे मला कौतुक नाही. अमेरिकेत आजारपणाने माणूस दिवाळखोर होतो, आपल्या योजनेसारखी सोय तिथे प्रत्येक गरिबाला नाही. पण त्यांचा १९९६ चा एक कायदा आहे, हिपा म्हणतात त्याला. त्याचे खासगीपणाचे नियम एप्रिल २००३ पासून पाळावे लागले. गेल्या सहा वर्षांत माझी माहिती कोणाकोणाला दिली याचा हिशेब तिथे रुग्णाला मागता येतो, अर्थात त्यातून उपचार आणि बिलासाठीची देवाणघेवाण वगळलेली आहे. मला सर्वांत भावली ती एक बारीक तरतूद. निरोप माझ्या घरी नको, या दुसऱ्या नंबरवर किंवा पत्त्यावर द्या, असे रुग्णाने सांगितले आणि मागणी वाजवी असली तर डॉक्टर-रुग्णालयाने ते ऐकलेच पाहिजे. निरोप फुटल्याने जिवाला धोका होईल असे रुग्णाने कळवले तर विमा योजनेनेही ऐकले पाहिजे. नवरा मारहाण करतो अशा बाईच्या मनातले ओळखून कोणीतरी ते कलम लिहिले असणार.

आपल्याकडे नंबरची ही बाब किती हलक्यात घेतली जाते, ते महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात दिसते. आयुष्मान भारत योजनेच्या नोंदणीत ७,४९,८२० लाभार्थ्यांपुढे एकच मोबाइल नंबर होता, ९९९९९९९९९९. आरोग्य मंत्रालयाचे स्पष्टीकरण आले की पात्रता आधारवरून ठरते, मोबाइलवरून नाही. पात्रतेपुरते ते खरेही असेल. पण उपचाराचा निरोप, मंजुरीचा संदेश, ओटीपी, सगळे नंबरवरच जाते. साडेसात लाख माणसांचा निरोप एकतर कुठेच गेला नाही किंवा दुकानावर गेला.

माहिती बाहेर आलीच नाही पाहिजे, असे मी म्हणत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याचे आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले, तेव्हाच ऊसतोड बायांचे दुखणे राज्याला दिसले. तो आकडा उघडा झाला म्हणून चौकशी समिती नेमली गेली. त्या ४,६०५ जणींची नावे मात्र यादी करून चावडीवर लावली असती, तर त्यांच्यातल्या कितीजणींना सासरी राहता आले असते? आकडा समाजाचा, नाव तिचे. योजनेच्या संगणकाला हा फरक करता येतो, टेबलावरच्या मुलाला तो कोणी शिकवत नाही.

स्वतःचे कागद मिळवणे ही याच हक्काची दुसरी बाजू. केसपेपर रुग्णाला द्यावे लागतात, हे मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात १९९६ सालीच सांगितले. २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे आणि आंतररुग्णाची नोंद तीन वर्षे जपायची. हे ठाऊक झाल्यावर मी चुलतीच्या अंगठ्याने रुग्णालयाला अर्ज केला. उत्तर आले, तीन वर्षे उलटली, कागद नष्ट केले. नियमाला धरून होते, काही बोलता येईना.

दाव्याबरोबर पुढे गेलेली प्रत कुठल्यातरी संगणकात अजून असेल, म्हणून दुसरा अर्ज योजनेकडे लिहिला. गेल्या महिन्यात तो टाकायला चुलती माझ्याबरोबर परभणीला आली. अर्जावर मोबाइल नंबरसाठी दहा चौकटी होत्या. आता तिच्याकडे बटणांचा फोन आहे. तिने तो कमरेच्या पिशवीतून काढला, आणि मी लिहू लागलो तेव्हा जवळ येऊन, हळू आवाजात, एकेक आकडा सांगितला.