निनेवे : चित्रातील नगर आणि उत्खननातील नगर

इ. स. पू. ६१२ मध्ये बॅबिलोनी व मीडी सैन्यांनी असिरियाची राजधानी निनेवे उद्ध्वस्त केली. आजच्या मोसुलसमोर, तैग्रीसच्या पूर्व तीरावर, सुमारे १२ किलोमीटर परिघाच्या तटाचे उंचवटे व काही टेकाडे तेवढी उरली. त्यानंतर सुमारे २४ शतके यूरोपीय वाचकांस हे नगर मुख्यतः बायबल व ग्रीक ग्रंथकार यांच्या वर्णनांवरूनच ठाऊक होते. अशा नगराचे रूप चित्रकाराने कशाच्या आधारे ठरवावे?

जॉन मार्टिन या इंग्रज चित्रकाराने १८२८ मध्ये लंडन येथे निनेवेच्या पाडावाचे चित्र प्रदर्शित केले, तेव्हा त्याने याचे उत्तर मोकळेपणाने दिले होते. हे नगर मिसर व हिंदुस्थान यांच्या दरम्यान वसलेले. म्हणून त्या दोन्ही देशांच्या वास्तुशैलींच्या मिश्रणातून त्याने एक नवी शैली कल्पिली. पुराव्याचा आव त्यात नव्हता.

१८४५ पासून लेयार्डने निमरूद येथे, व पुढे कुयुंजिक टेकाडावर, उत्खनन केले. (निमरूद म्हणजेच निनेवे, असा त्याचा प्रारंभी समज होता, वस्तुतः ते प्राचीन कल्हू होय.) भिंतींच्या कडेने चर व भुयारे खणून त्याने शिल्पपट्ट आणि पंखयुक्त मानवमुखी वृषभ उजेडात आणले. परंतु कच्च्या विटांचे वरचे बांधकाम केव्हाच ढासळले होते. छपरे कशी होती, वर मजला होता की नाही, याविषयी अवशेष मूक होते.

ही उणीव जेम्स फर्ग्युसनने भरून काढली. कार्ले, अजिंठा, वेरूळ येथील लेण्यांचा अभ्यासक म्हणून तो आपणांस परिचित आहेच. १८५१ च्या ग्रंथात त्याने असे अनुमान मांडले की, पर्सिपोलिस येथे दगडी स्तंभ टिकले व मातीच्या भिंती गेल्या. असिरियात भिंती टिकल्या व लाकडी स्तंभ गेले. तेव्हा एकावरून दुसऱ्याची पूर्ती करता येईल. तर्क चतुर खरा. तथापि पर्सिपोलिसची उभारणी निनेवेच्या नाशानंतर सुमारे एका शतकाने, निराळ्या साम्राज्यात झाली. त्याच्याच रेखाटनावरून लेयार्डच्या १८५३ च्या चित्रसंग्रहात निमरूदच्या राजवाड्यांचे रंगीत दृश्य आले. त्यातील स्तंभयुक्त वरचा मजला अनुमानाचा, खालचे वृषभ उत्खननाचे. पण दोन्ही सारख्याच ठाम रेषेने काढलेले. येथे भेद करण्याचे साधन प्रेक्षकाजवळ उरत नाही. मार्टिनच्या चित्रापेक्षा हे चित्र अधिक फसवे ठरते, ते याच कारणाने.

हा प्रश्न केवळ कागदापुरता नाही. निनेवेच्या मश्की वेशीची विसाव्या शतकात पुनर्बांधणी झाली होती. ती २०१६ मध्ये पाडण्यात आली. २०२२ मध्ये तेथेच काम चालू असता सेनाखेरिबच्या काळचे कोरीव संगमरवरी फलक मातीखाली आढळले. म्हणून कोणतेही पुनर्रचनाचित्र पाहताना अभ्यासकाने प्रथम हेच विचारावे, की यातील कोणती रेषा जमिनीतून आली आणि कोणती रेखाटणाऱ्याच्या मनातून.