कंपनी गुन्ह्यांचे खटले : कायद्याची चौकट आणि विधिज्ञांची जबाबदारी

कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असली, तरी तिला कारावासात ठेवता येत नाही. मग तिच्या नावाने अपहार झाल्यास शिक्षा कोणाला द्यावयाची? या प्रश्नाच्या उत्तरावर हजारो भागधारक, ठेवीदार व कर्मचारी यांचे हित अवलंबून असते. अशा खटल्यांत काम करणाऱ्या विधिज्ञांनी म्हणूनच ही चौकट नीट समजून घ्यावयास हवी.

दायित्व कोणाचे?

कारावास अनिवार्य असलेल्या गुन्ह्यासाठीही कंपनीवर खटला चालविता येतो व तिला दंड करता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्टँडर्ड चार्टर्ड बँक प्रकरणात २००५ मध्ये बहुमताने दिला. कंपनीचा कारभार चालविणाऱ्यांचा गुन्हेगारी हेतू हा कंपनीचाच हेतू मानता येतो, हे २०१० मधील इरिडियम प्रकरणात स्पष्ट झाले. याची उलट बाजू मात्र आपोआप लागू होत नाही. केवळ संचालक आहे म्हणून कोणी आरोपी ठरत नाही. त्याचा हेतुपुरस्सर सक्रिय सहभाग तरी दिसावा लागतो, किंवा कायद्यात तशी स्पष्ट तरतूद तरी असावी लागते, असे न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले आहे. म्हणून तक्रारीत प्रत्येक आरोपीची भूमिका वेगळी मांडणे आवश्यक ठरते. स्वतंत्र संचालकांना कंपनी अधिनियमाच्या कलम १४९(१२) चे मर्यादित संरक्षण आहे. मात्र माहिती, संमती वा दक्षतेचा अभाव सिद्ध झाल्यास ते टिकत नाही.

कलम ४४७ आणि जामीन

सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्राद्वारे हिशेबातील फेरफाराची कबुली दिली. त्या प्रकरणी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये १० जणांना दोषी ठरविले. दरम्यान कंपनी अधिनियम, २०१३ मध्ये ‘कपट’ या गुन्ह्यासाठी कलम ४४७ आले. कपटाची रक्कम किमान १० लाख रुपये किंवा उलाढालीच्या १ टक्का, यांपैकी जी कमी असेल तितकी असल्यास ६ महिने ते १० वर्षे कारावास होतो. दंड त्या रकमेपेक्षा कमी नसतो व तिच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. सार्वजनिक हित गुंतलेले असल्यास किमान कारावास ३ वर्षांचा आहे. हे कलम १२ सप्टेंबर २०१३ पासून अमलात आले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) मुळे त्यापूर्वीच्या कृत्यांस ते लावता येत नाही. म्हणून व्यवहारांच्या तारखा प्रथम तपासाव्यात.

कलम २१२(६) खाली जामिनासाठी दुहेरी अट आहे. सरकारी अभियोक्त्यास विरोधाची संधी दिल्यानंतर, आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारणे आहेत आणि तो जामिनावर असताना गुन्हा करण्याची शक्यता नाही, याविषयी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. स्त्रिया, १६ वर्षांखालील व्यक्ती, आजारी व दुर्बल यांच्याबाबत विशेष न्यायालय ही अट शिथिल करू शकते.

तपास व पुरावा

२००३ मध्ये स्थापन झालेल्या गंभीर घोटाळे अन्वेषण कार्यालयाकडे प्रकरण सोपविल्यास, या अधिनियमाखालील तपास अन्य यंत्रणेस पुढे चालविता येत नाही. कलम ४४७ च्या गुन्ह्याची दखल विशेष न्यायालय या कार्यालयाच्या संचालकाच्या किंवा केंद्र सरकारच्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच घेते. त्यामुळे पीडित भागधारकास थेट फिर्यादीचा मार्ग नाही. मात्र भागभांडवल असलेल्या कंपनीचे किमान १०० सभासद, अथवा एकदशांश मताधिकार असलेले सभासद, कलम २१३ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे चौकशीची मागणी करू शकतात.

अशा खटल्यांतील बराचसा पुरावा संगणकात असतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत विहित प्रमाणपत्र द्यावे लागते. ते नसल्यास महत्त्वाचा ईमेलही निरुपयोगी ठरू शकतो.

कठोर कायद्याचे यश शिक्षेच्या आकड्यांवरून मोजता येणार नाही. सूत्रधार सुटू नये आणि केवळ कागदावर सही असणारा निरपराध अडकू नये, ही दोन्ही उद्दिष्टे काटेकोर तक्रार, निर्दोष पुरावा व जागरूक बचाव यांतूनच साध्य होतील.