पेलेल तेवढी चौकट

कॅनडातील लेखक रायन नॉर्थ याने फेब्रुवारी २००३ मध्ये ‘डायनोसॉर कॉमिक्स’ ही चित्रमालिका इंटरनेटवर सुरू केली. तिच्या प्रत्येक भागात सहा चौकटी असतात आणि त्या सहाही चौकटींतली चित्रे पहिल्या भागापासून तीच आहेत. तोच डायनोसॉर, त्याच्या पायाखाली येणारे तेच घर, बोलायला येणारे तेच दोन मित्र. बदलतात ते फक्त संवाद. ही चित्रेसुद्धा नॉर्थने हाताने काढलेली नाहीत, संगणकावर तयार मिळणारी चित्रे त्याने जुळवून घेतली. एवढ्याशा भांडवलावर मालिकेचे हजारो भाग निघाले आणि वाचक टिकून राहिले. वेबकॉमिक या प्रकाराचा परिचय करून घ्यायचा तर या उदाहरणापासून सुरुवात करावी, कारण हौशी माणसाला सर्वांत जास्त अडवणारी समजूत ते एका फटक्यात मोडते. चित्रकला उत्तम असल्याशिवाय यात पडू नये, ही ती समजूत. प्रत्यक्षात छंद म्हणून चालवलेले वेबकॉमिक जगते ते आपल्याला वर्षानुवर्षे पेलेल अशी चौकट आधीच ठरवल्यामुळे. हे खरे असेल, तर धाराशिवसारख्या जिल्ह्यात नोकरी किंवा शेती सांभाळून असे काम करणे पूर्णपणे शक्य आहे.

वेबकॉमिक म्हणजे चित्रकाराने संपादक किंवा प्रकाशक मध्ये न घेता स्वतः इंटरनेटवर क्रमाने प्रसिद्ध केलेली चित्रमालिका. मराठी वाचकाला चित्रमालिका नवी नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये आला आणि घराघरांत पोहोचला. मात्र ‘चिंटू’ची चौकट वर्तमानपत्राने ठरवून दिलेली होती. जागा किती, भाग कधी द्यायचा, वाचक कोण, हे सारे आधीच निश्चित होते. इंटरनेटने ही बंधने काढून टाकली. कॉमिक्सचा अमेरिकी अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड याने २००० साली ‘अमर्याद कॅनव्हास’ची कल्पना मांडली: पडद्यावरचे कॉमिक कागदाच्या पानाएवढेच असण्याची गरज नाही, ते कितीही लांब, कितीही रुंद पसरू शकते. कल्पना खरी आहे. पण दिवसभराच्या कामानंतर तासभर मिळणाऱ्या माणसाने ती जशीच्या तशी स्वीकारली, तर तो तीनशे पानांची महागाथा हाती घेतो आणि पहिल्या प्रकरणातच थकतो. कोरियात २००४ पासून ‘नेव्हर’ कंपनीने वाढवलेल्या वेबटूनमध्ये फोनवर वर सरकवत वाचायच्या लांबलचक रंगीत पट्ट्या असतात. त्यांपैकी बऱ्याच मालिकांमागे आता सहायकांचा चमू असतो. एकट्या माणसाने ते माप स्वतःला लावू नये. वर्तमानपत्र जी मर्यादा बाहेरून घालत असे, ती इथे आपण आतून घालायची असते.

दीर्घकाळ चाललेल्या मालिका याला दुजोरा देतात. अमेरिकेत हॉवर्ड टेलर याने १२ जून २००० रोजी ‘श्लॉक मर्सिनरी’ ही अंतराळातली विनोदी कथा सुरू केली, तेव्हा तो एका संगणक कंपनीत नोकरीला होता. सुरुवातीचे त्याचे रेखाटन कच्चे होते. नोकरी त्याने २००४ मध्ये सोडली, आणि जुलै २०२० मध्ये कथा पूर्ण होईपर्यंत एकाही दिवसाचा खंड पडू दिला नाही. हात सुधारला तो रोजच्या कामातून. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्सकेसीडी’त रँडल मन्रो चेहरा नसलेली काडीची माणसे काढतो. त्याने आपला सगळा जोर गणित, विज्ञान आणि माणसांच्या स्वभावावर लावला. आपल्याकडचे सर्वांत जवळचे उदाहरण नागपूरचे आहे. दंतवैद्यकाचे शिक्षण घेतलेले रोहन चक्रवर्ती यांनी २०१० मध्ये ‘ग्रीन ह्यूमर’ सुरू केले. त्यांनी चौकट घातली ती विषयाला: वन्यजीव आणि पर्यावरण, बाकी काही नाही. पक्षी, बेडूक, वाघ यांच्या तोंडून बोलणारी ही मालिका २०१३ मध्ये ‘युनिव्हर्सल यूक्लिक’ या अमेरिकी संस्थेने वितरणासाठी घेतली. तिथे पोहोचलेली ती पहिली भारतीय चित्रमालिका. चौकट चित्रांची असो, वेळेची असो वा विषयाची. ती ठरलेली होती आणि पाळली गेली, एवढे या सर्वांत समान आहे.

आता धाराशिवकडे पाहू. चित्रांच्या क्रमाने गोष्ट सांगणे महाराष्ट्राला परके नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून आख्यान गात आले आहेत, आणि त्या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री सन्मान मिळाला. धाराशिव जिल्ह्याकडे चित्रांची नसली तरी संवादाची परंपरा आहे. देवीच्या गोंधळात नाईक आख्यान लावतो आणि साथीदार मध्येच त्याला अडवून प्रश्न विचारतो. त्या प्रश्नाने हशा पिकतो आणि कथेतला अवघड दुवाही उलगडतो. एक सांगणारा, एक शंका काढणारा: दोन पात्रांच्या चित्रमालिकेला लागणारी रचना इथे तयार आहे. विषयांचीही वाण नाही. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मृण्मूर्ती आहेत, त्यांचे चेहरे आणि केशरचना कोणत्याही रेखाटनकाराला पात्रे पुरवतील. भूम भागातल्या खव्याच्या भट्ट्या, दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी कुटुंबे, नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल, नवरात्रातली तुळजापूरची वाट, पावसाकडे लागलेले डोळे, हे सगळे मराठी चित्रमालिकांत फारसे आलेलेच नाही. जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी घ्या. ती बहुधा काळीभोर असते, म्हणजे काढायला सोपी आणि फोनच्या लहान पडद्यावर ठळक दिसणारी. बांधावर उभ्या दोन शेळ्या आणि समोर चाललेला माणसांचा व्यवहार, एवढी चौकट कुणालाही वर्षभर पुरेल.

चौकट ठरली की कारागिरी येते, आणि मराठीत तिचे काही वेगळे प्रश्न आहेत. इंग्रजी कॉमिकमधले संवाद बहुतेक वेळा मोठ्या लिपीत असतात, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटून बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार, आणि खाली उकार येतात. दोन ओळींत अंतर जास्त लागते, म्हणून संवादाच्या फुग्यात मजकूर कमी मावतो. यावर उपाय एकच: आधी संवाद लिहावा, कापावा, अक्षरे चौकटीत बसवावीत आणि उरलेल्या जागेत चित्र काढावे. एका फुग्यात दहा-बारा शब्दांपेक्षा जास्त नकोत. ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेने तयार केलेले ‘बलू’ आणि ‘मुक्ता’ हे युनिकोड टंक मोफत आणि खुल्या परवान्याने मिळतात. स्वतःचे अक्षर वळणदार असेल तर हाताने लिहिलेले सर्वांत उत्तम. चित्रासाठी कागद, काळे पेन आणि फोनचा कॅमेरा पुरतो. संगणक असेल तर ‘क्रिटा’ ही मोफत प्रणाली आहे. डेव्हिड रेव्हॉय हा फ्रेंच चित्रकार ‘पेपर अँड कॅरट’ ही सुंदर रंगीत मालिका तिच्यावरच करतो. मूळ चित्र मोठ्या आकारात, छपाईला चालेल असे जपून ठेवावे, कारण पडद्यापुरत्या लहान केलेल्या चित्रांचे पुढे पुस्तक होत नाही. प्रत्येक भागाला क्रमांक आणि तारीख द्यावी, आणि चित्राखाली संवाद युनिकोडमध्ये टंकून ठेवावेत. चित्रातली अक्षरे शोधयंत्राला सहजी सापडत नाहीत, अंध वाचकाच्या वाचकयंत्राला तर त्यांचा काहीच उपयोग नसतो.

यावर पहिला आक्षेप पैशाचा असतो. रिच बर्लू याच्या ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’ या काडीच्या माणसांच्या मालिकेला २०१२ मध्ये पुस्तकांच्या पुनर्मुद्रणासाठी वाचकांनी साडेबारा लाख डॉलर दिले. पण हा अपवाद आहे आणि त्याकडे बोट दाखवून कुणाला या कामात ओढणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बहुतेक वेबकॉमिक्समधून पोट भरत नाही. मात्र छंदाची हीच ताकद आहे: ज्यावर चूल अवलंबून नाही, ते काम बाजाराच्या मागणीप्रमाणे वाकवावे लागत नाही. दुसरा आक्षेप मराठी वाचकसंख्येचा. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेल्या दिवाळी अंकांत व्यंगचित्रांना हक्काची जागा मिळाली आहे, आणि जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावे साहित्य संमेलन याच जिल्ह्याच्या ठिकाणी भरले होते. वाचक आहे, त्याच्या बोलीत त्याच्या गावाची चित्रकथा त्याला मिळालेली नाही. आणि ज्याला भाषेची वेसच ओलांडायची आहे, त्याच्यासमोर शि. द. फडणीस आहेत. बेळगाव भागातल्या भोज गावी जन्मलेल्या या चित्रकाराने शब्दाविना हसवणारी चित्रे आयुष्यभर काढली.

तिसरा प्रश्न असा की समाजमाध्यमे असताना वेगळे संकेतस्थळ कशाला. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी कलाकारांचे प्रेक्षक एका रात्रीत तुटले. बंदीच्या योग्यायोग्यतेचा मुद्दा वेगळा. धडा इतकाच की दुसऱ्याच्या जागेवर ठेवलेला संग्रह आपला नसतो. माध्यमांवर भाग जरूर टाकावा, पण पूर्ण मालिका स्वतःच्या पत्त्यावर असावी. त्यासाठी दरवर्षी थोडा खर्च येतो. व्हॉट्सॲपवर चित्र निनावी फिरेल ही भीतीही रास्त आहे. सही आणि संकेतस्थळाचा पत्ता चौकटीच्या आत, कापता येणार नाही अशा जागी घालावा. चित्र तयार होताच त्याचा स्वामित्वहक्क आपोआप चित्रकाराकडे येतो, नोंदणीची अट १९५७ च्या कायद्यात नाही.

सर्वांत नवा आक्षेप यंत्राचा: कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात चित्र देत असेल तर हात कशाला शिणवायचा? नॉर्थच्या मालिकेत याचे उत्तर आहे. वाचक नव्या चित्रासाठी येत असता, तर ती मालिका पहिल्याच आठवड्यात संपली असती. तो येतो एका विशिष्ट माणसाच्या नजरेसाठी. यंत्र शेळी काढून देईल. चारा छावणीत शेळीचा मालक काय बोलला, हे तिथे उभ्या असलेल्यालाच ठाऊक असते. लहान गावात मात्र या नजरेची जबाबदारीही येते. ‘सॅनिटरी पॅनल्स’ या वेबकॉमिकच्या चित्रकार रचिता तनेजा यांना काही व्यंगचित्रांमुळे २०२० मध्ये न्यायालयाच्या अवमानाच्या कारवाईला सामोरे जावे लागले. गावात तर ज्याचे चित्र काढले तो दुसऱ्या दिवशी पारावर भेटतो. म्हणून टीका वागण्यावर असावी, ओळखू येणाऱ्या दुबळ्या माणसावर नको.

धाराशिव जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणारी मुले, शाळांमधले कलाशिक्षक, बँकेत किंवा शेतात राबणारी हौशी माणसे आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे: दोन पात्रे निवडा, चौकटींची संख्या ठरवा, आठवड्याचा एक वार नक्की करा. बारा भाग काढून हाताशी ठेवा आणि मगच पहिला भाग लोकांसमोर आणा.