रासायनिक समीकरण संतुलित करणं: अंदाज नाही, हिशोब!

दहावीत मी रासायनिक समीकरणं चक्क पाठ केली होती. परीक्षेत पाठ नसलेलं आलं आणि मार्क गेले. गेल्या आठवड्यात मामेबहिणीने फोनवर विचारलं, "दादा, हे आकडे अंदाजानेच टाकायचे असतात का रे?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

नियम एकच. अभिक्रियेत अणू नवे तयार होत नाहीत आणि गायबही होत नाहीत, फक्त त्यांची जुळणी बदलते. म्हणून बाणाच्या डावीकडे प्रत्येक मूलद्रव्याचे जितके अणू, तितकेच उजवीकडे हवेत.

उदाहरण घरातलं घेऊ. एलपीजीमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. ब्यूटेनच्या एका रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू. तो जळतो तेव्हा:

ब्यूटेन + ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड + पाणी

प्रत्येकाचे किती रेणू ते माहीत नाही, म्हणून क्रमाने अ, ब, क, ड मानू. आता एकेका मूलद्रव्याचा हिशोब:

कार्बन: ४अ = क
हायड्रोजन: १०अ = २ड
ऑक्सिजन: २ब = २क + ड

व्हेरिएबल ४ आणि समीकरणं ३, म्हणजे आपल्याला फक्त गुणोत्तर मिळणार. एक आकडा आपणच धरायचा. अ = १ धरला तर क = ४, ड = ५ आणि ब = ६.५. अर्धा रेणू नको, म्हणून सगळं दुप्पट करू: २, १३, ८, १०. ताळा करून बघा. ऑक्सिजनचे अणू डावीकडे २६, उजवीकडे १६ + १० = २६. जमलं!

मूलद्रव्यं वाढली तरी पद्धत हीच. कॉम्प्युटरलाही हेच आकडे मॅट्रिक्समध्ये देऊन उत्तर काढता येतं.

एक चूक मात्र टाळा. रेणुसूत्राच्या आतला आकडा कधीच बदलायचा नाही. पाण्यात ऑक्सिजनचा एक अणू वाढवलात तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. आकडा लिहायचा तो रेणुसूत्राच्या आधी.

"पण याचा उपयोग काय?" बहिणीचा पुढचा प्रश्न. वरच्या उत्तरावरून वजन काढलं तर १ किलो ब्यूटेन पूर्ण जळायला साधारण ३.६ किलो ऑक्सिजन लागतो. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू असेल तर ऑक्सिजन कमी पडू शकतो आणि मग कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण तो जीव घेतो.

तिला गृहपाठ दिला, कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड घेऊन समीकरण सोडव. दहा मिनिटांत उत्तर आलं: २, ९, ८, १०. ऑक्सिजन १३ वरून ९ वर आला.

मग ती हळूच म्हणाली, "दादा, आमच्या बाथरूमची खिडकी थंडीमुळे पुठ्ठा लावून बंद केलीये."

पुढचा फोन मी मामाला केला.