भात्याविना वाजणारी पेटी



कांद्यावरचा करपा, चाळीतली सड आणि रोपवाटिका यांवर मी तुमच्याशी पुष्कळदा बोललो आहे. आज जरा वेगळा विषय घेतो. औताचा नाही, घरातला आहे.

लासलगावजवळच्या एका वाडीवर कामानिमित्त माझे नेहमी जाणे असते. तिथल्या भजनी मंडळात एक आजोबा चाळीस वर्षे पेटी वाजवीत. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात शाबूत राहिला, पण डावा गेला. आता पेटी म्हणजे एका हाताने सूर आणि दुसऱ्या हाताने भाता. नातवाने काही दिवस भाता मारून पाहिला. पण भाता गाणाऱ्याच्या दमाबरोबर चालावा लागतो. तो दुसऱ्याच्या हाताने चालत नाही. एकादशीला आजोबा देवळात येत आणि मागे बसत. टाळसुद्धा एका हाताने वाजत नाही.

नातवाने बापाकडे विजेवरचा कीबोर्ड मागितला. नेमके त्याच आठवड्यात कांद्याच्या पट्टीतून गाडीभाडे तेवढे सुटले होते. बाप काही बोलला नाही. पोरगा माझ्याकडे आला. ‘साहेब, आपल्याला घरी नाही का करता येणार?’

कॉलेजात असताना मी रेडिओचे किट जोडले होते. म्हटले, करून पाहू.

सूर म्हणजे मोजणी

तार, पत्ती किंवा स्पीकरचा पडदा एका सेकंदात किती वेळा थरथरतो, त्यावर सुराची उंची ठरते. काळी एकचा सा म्हणजे सेकंदाला सुमारे २७७ कंपने. दुप्पट केली की वरचा सा. म्हणजे वीज सेकंदाला तेवढ्या वेळा चालू-बंद करणारे काही मिळाले आणि ते स्पीकरला जोडले, की झाला सूर.

हे काम करणारा एक आयसी १९७२ पासून बाजारात आहे. त्याचे नाव ५५५. हान्स कामेनझिंड नावाच्या अभियंत्याने त्याची रचना केली. आठ पायांचा हा काळा तुकडा आजही दहा-वीस रुपयांत मिळतो.

पहिली पेटी: आठ बटणांची

सामान असे: ५५५ आयसी एक, ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रेझिस्टन्स, ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, ५० किलोओहमचे आठ प्रीसेट, दाबायची आठ बटणे, छोटा ८ ओहमचा स्पीकर, त्याच्यासाठी १०० ओहमचा रेझिस्टन्स व १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. आधी ब्रेडबोर्डवर जोडा. वाजल्याशिवाय डाक देऊ नका.

आयसीची खाच वर धरली की डावीकडचा वरचा पाय पहिला. तिथून डाव्या बाजूने खाली चार, मग उजवीकडे खालून वर आठपर्यंत. पाय १ बॅटरीच्या ऋण टोकाला, ४ आणि ८ धन टोकाला. २ आणि ६ एकमेकांना जोडा व तिथून ०.१ चा कंडेन्सर ऋण टोकाला. ७ आणि ८ यांच्यामध्ये १ किलोओहम. पाय ३ मधून १०० ओहम आणि १० मायक्रोफॅरडमार्गे स्पीकर. स्पीकरची दुसरी तार ऋण टोकाला. उरले ७ आणि ६ यांच्यामधले अंतर. तिथे प्रत्येक बटण त्याच्या प्रीसेटसह जोडायचे. बटण दाबले नाही तर वाट बंद, आवाज बंद.

आतले काम आपल्या पाण्याच्या टाकीसारखे आहे. कंडेन्सर ही टाकी. ती ठराविक पातळीपर्यंत भरली की आयसी ती रिकामी करू लागतो, खाली गेली की पुन्हा भरू देतो. प्रीसेट हा व्हॉल्व्ह. तो जितका आवळाल तितकी टाकी सावकाश भरेल, तितका सूर खाली. या जोडणीत काळी एकच्या सा ला प्रीसेट २५ किलोओहमच्या आसपास येतो आणि वरच्या सा ला साडेबाराच्या.

दोन सूचना. कंडेन्सर साधा चकतीचा घेऊ नका, पॉलिएस्टरचा घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चकतीचा सूर सरकतो. आणि बॅटरीवरच काम करा. घरातल्या विजेच्या बोर्डाला मुलांनी हात लावायचा नाही.

पट्ट्या मिळवायचे काम आम्ही आजोबांवर सोपवले. स्क्रू-ड्रायव्हर उजव्या हातात, कान स्पीकरपाशी. एकेका सुराला त्यांनी पाव-पाव तास घेतला. मीटर आमच्या हातात होता, पण त्यांनी तो पाहिलाही नाही.

एक सूर पुरेना

ही पेटी एका वेळी एकच सूर देते. भजनाला मागे आधार हवा. तेव्हा मुलाने जुन्या खेळयंत्रांतल्या आयसीचा शोध काढला. एवाय-३-८९१० हा चाळीस पायांचा आयसी अमेरिकेच्या जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीने १९७८ मध्ये काढला. त्यात तीन स्वतंत्र सूर, एक खरखर आणि आवाज चढवण्या-उतरवण्याची सोय असते. याच जातीचा एक आयसी, एसएन७६४८९, बीबीसी मायक्रो संगणकात होता. १९८४ मध्ये ‘क्लास’ योजनेत भारतातल्या काही शाळांत ते संगणक आले होते. आज हे आयसी जुन्या मालातून मिळतात आणि जगभरचे हौशी लोक त्यांची वाद्ये करतात.

आमचा पहिला आयसी पोस्टाने आला तो खोटा निघाला. वरचे नाव घासून दुसरे छापले होते. दुसरा मी घाईत उलटा बसवला आणि जाळला. बोट भाजले ते वेगळेच. तिसरा लागला. म्हणून सांगतो, बोर्डात आधी सॉकेट डाकवा, आयसी सर्वांत शेवटी बसवा. याला ५ व्होल्टच द्यायचे. ९ व्होल्टची बॅटरी थेट जोडू नका.

हा आयसी स्वतः काही करीत नाही, त्याला आकडे सांगावे लागतात. ते काम आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड करतो. बटणे त्याला जोडायची. कोणते बटण दाबले ते पाहून तो आकडा पाठवतो. आयसीला सेकंदाला २० लाख ठोके मिळतात, तेही आर्डुइनोच पुरवतो. आयसी त्यांना आधी १६ ने भागतो. राहिले १ लाख २५ हजार. त्यांना आपण दिलेल्या आकड्याने भागले की कंपने मिळतात. ४५० दिला तर २७७.८, म्हणजे जवळजवळ काळी एक.

आता गंमत पाहा. सा ४५० धरला तर रे ४००, ग ३६०, प ३००, ध २७०, नी २४० आणि वरचा सा २२५. सगळे नैसर्गिक सूर, पूर्णांकात! फक्त म ३३७.५ येतो; तिथे ३३७ किंवा ३३८ द्यावा, फरक सुमारे अर्ध्या कंपनाचा.

जुना वाद

हे महत्त्वाचे का, ते सांगतो. पेटीच्या किंवा बाजारच्या कीबोर्डच्या पट्ट्या सहसा सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून मिळवलेल्या असतात. त्यामुळे या सा चा गांधार ३५० कंपनांवर जातो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गांधार मात्र ३४७ च्या जवळ असतो. याच कारणावरून पेटीवर टीका झाली. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी केली, ती तीसएक वर्षे टिकली.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी बावीस श्रुतींचा हिशोब मांडून १९१० मध्ये त्यावर पुस्तक काढले. प्रयोगांसाठी अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांना लाभला. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीने त्यांनी श्रुतींची पेटीही घडवली. सरकारी नोकरीतल्या माणसाने सुराच्या मागे लागण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, एवढाच माझा दावा.

देवलांना ज्यासाठी नवी पेटी घडवावी लागली, ते आज आकडा बदलून होते. खर्जाचा सा ९०० आणि प ६०० असे दोन सूर आधाराला सतत ठेवायचे, तिसऱ्यावर भजन वाजवायचे.

उणिवा

खोटी आशा दाखवत नाही. आवाज चौकोनी, पिपाणीसारखा येतो. बाहेर पडण्याच्या वाटेवर एक रेझिस्टन्स आणि एक कंडेन्सर लावला की तो थोडा मऊ होतो. आधाराचे दोन सूर चालू असताना चाल एका वेळी एकाच सुराची निघते. मींड आपोआप येत नाही. आणि ज्याला नुसते वाजवायचे आहे त्याने सवड होईल तेव्हा कीबोर्ड विकत घ्यावा. आमचे दोन महिने गेले.

पण त्या दोन महिन्यांत पोराच्या डोक्यात अपूर्णांक बसले. सा आणि प म्हणजे दोनास तीन, हे त्याला पाठ करावे लागले नाही, ऐकू आले. बापाने चाळीतल्या जुन्या फळ्यांची पेटी ठोकून दिली. बोलला तेव्हाही काही नाही.

एकादशीला आजोबा पुढे बसले. त्यांनी गांधाराचे बटण दाबले, डोळे मिटले, पुन्हा दाबले. ‘सूर खरा आहे रे,’ ते म्हणाले, ‘पण याला दम नाही. भात्याचा दम माणसाचा असतो.’

नातू म्हणाला, ‘पायाखाली एक दाबपट्टी बसवू, आजोबा. पायाने आवाज लहान-मोठा होईल.’

‘मग बसव,’ आजोबा म्हणाले आणि उजव्या हाताने अभंग सुरू केला. मागे सा आणि प चालूच होते.

पट्टीचे काम सध्या चालू आहे. तुमच्या घरी असे कोणी मागे बसलेले असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत पोरांना ५५५ आणून द्या. पट्ट्या मात्र त्यांनाच मिळवू द्या.